आधी सांगणाऱ्याचे काय?

'साथीचे रोग सीमा मानत नाहीत' हे वाक्य शालेय पुस्तकापासून आंतरराष्ट्रीय परिषदांच्या ठरावांपर्यंत सर्वत्र आढळते. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. जीवाणू, विषाणू आणि डास सीमा मानत नाहीत, हे ठीक. रोगाची बातमी मात्र सीमेवर अडते. ती का अडते, आणि ती मोकळी व्हावी म्हणून देशांनी आपसात जे नियम केले आहेत ते कितपत पुरे पडतात, याचे परीक्षण करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हे नियम म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची 'आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली'. २३ मे २००५ रोजी ती स्वीकारली गेली आणि १५ जून २००७ पासून अमलात आली. १९६ देशांनी ती मान्य केली. इतक्या दूरच्या कागदाशी शाळेतल्या शिक्षकाचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ही नियमावली नव्याने लिहावी लागली त्यामागे बीड आणि सुरत येथे घडलेल्या घटना आहेत, आणि तिची उणीव उघडी पाडणाऱ्या प्रसंगाचा एक धागा थेट डोंबिवलीपर्यंत येतो. म्हणून तिचे वाचन आपल्याकडूनच सुरू करू.

मुंबईचा प्लेग आणि व्हेनिसची परिषद

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकेशियो व्हिएगास यांनी गाठीचा प्लेग ओळखला. हाँगकाँगहून येणाऱ्या जहाजांबरोबर तो आला असावा, असे मानले जाते. पुढच्या काही महिन्यांत लोक शहर सोडून निघाले आणि रेल्वेच्या वाटेने रोग पुण्याकडे आणि इतरत्र पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला, आणि त्याच सुमारास युरोपातील देश व्हेनिस येथे जमले. त्यांच्यापुढचा प्रश्न एकच होता : मुंबईचा प्लेग, विशेषतः हजच्या यात्रेकरूंबरोबर, आपल्या दारात येऊ नये म्हणून काय करावे?

अशा परिषदांची परंपरा १८५१ च्या पॅरिस परिषदेपासूनची. त्या सगळ्यांत एकच ओढाताण दिसते. रोग अडवायचा तर जहाजे थांबवावी लागतात, आणि जहाजे थांबवली तर व्यापार बुडतो. त्यामुळे जे करार झाले त्यांचे स्वरूप तडजोडीचे राहिले : रोगापासून जास्तीत जास्त संरक्षण आणि व्यापाराला कमीत कमी अडथळा. आजच्या नियमावलीच्या उद्देशातही हीच दोन उद्दिष्टे शेजारीशेजारी बसलेली आहेत. मात्र या तडजोडीत एका पक्षाचा विचार सुरुवातीपासूनच कमी झाला. ज्या गावात रोग निघाला, त्या गावाने तो जाहीर केल्यावर त्याचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न परिषदेपुढचा मुख्य प्रश्न कधीच नव्हता. रोग 'तिकडून' येतो आणि आपण 'इकडे' आहोत, अशी ती मांडणी होती.

१९९४ : कळवल्याची किंमत

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. काही दिवसांतच लाखो लोकांनी सुरत सोडली. मृत्यू पन्नासच्या थोडे वर झाले. इतक्या मोठ्या देशात क्षयाने किंवा हगवणीने एका दिवसात याहून कितीतरी अधिक माणसे दगावत होती. पण प्लेग या शब्दाचा धाकच वेगळा. अनेक विमान कंपन्यांनी भारताकडची उड्डाणे थांबवली. आखातातील काही देशांनी भारतातून येणारे खाद्यपदार्थ नाकारले. अशा निर्बंधांची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत असतानाही हे घडले. भारताच्या नुकसानीचे अंदाज दीड ते दोन अब्ज डॉलरच्या घरात जातात.

इथे एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. हा रोग खरोखर प्लेगच होता की नाही, यावर त्या काळी बराच वाद झाला. सुरतेतून मिळवलेल्या जीवाणूंच्या डीएनएची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने केली आणि तो प्लेगचाच जीवाणू असल्याचे २००० साली प्रसिद्ध केले. म्हणजे निदानाला शास्त्रीय दुजोरा मिळायला काही वर्षे लागली. आर्थिक शिक्षा मात्र आठवड्याभरात झाली होती. पुरावा सावकाश तयार होतो आणि भीती झपाट्याने पसरते. साथीच्या काळातले निर्णय याच फटीत घेतले जातात.

त्या काळच्या जुन्या नियमावलीत फक्त तीन रोग होते : पटकी, प्लेग आणि पीतज्वर. देवीचे नाव निर्मूलनानंतर १९८१ मध्ये काढण्यात आले होते. तीन रोगांची यादी अपुरी आहे आणि रोग कळवणाऱ्या देशांवर अवाजवी निर्बंध येतात म्हणून देश कळवायला कचरतात, हे दोन्ही दोष सुरतेने ठसठशीतपणे दाखवून दिले. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने नियमावली सुधारण्याचा ठराव केला. ती सुधारणा पुरी व्हायला दहा वर्षे आणि सार्स नावाची आणखी एक साथ लागली.

नियमावलीतले चार प्रश्न

२००५ च्या नियमावलीतला सर्वांत चांगला भाग तिच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. रोगांची बंदिस्त यादी सोडून तिथे प्रश्न दिले आहेत. देवी, पोलिओ, सार्स आणि इन्फ्लुएन्झाचा नवा उपप्रकार हे चार रोग आढळले तर नेहमीच कळवायचे. इतर कोणत्याही घटनेबाबत चार प्रश्न विचारायचे :

पहिला : घटनेचा लोकांच्या आरोग्यावर गंभीर परिणाम होणार आहे का?
दुसरा : घटना नेहमीपेक्षा वेगळी किंवा अनपेक्षित आहे का?
तिसरा : ती दुसऱ्या देशात पसरण्याचा मोठा धोका आहे का?
चौथा : तिच्यामुळे प्रवासावर किंवा व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध येण्याचा मोठा धोका आहे का?

यांपैकी कोणत्याही दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' आले, तर चोवीस तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे. रोगाचे नाव माहीत असण्याची गरज नाही. अज्ञात रोगालाही लागू पडणारी ही पद्धत विज्ञानाच्या दृष्टीने निश्चितच पुढचे पाऊल आहे, आणि त्याचे श्रेय तिला द्यायला हवे.

पण चौथा प्रश्न पुन्हा वाचून पाहा. निर्बंध येण्याची शक्यता हे कळवण्याचे एक कारण म्हणून तिथे मोजले आहे. ज्याने कळवायचे त्याच्या दृष्टीने मात्र गप्प राहण्याचे सर्वांत सबळ कारण तेच आहे. कळवल्यावर शिक्षा होईल, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणूनच तर हा प्रश्न तिथे आला. मग त्या शिक्षेपासून कळवणाऱ्याला वाचवण्याची तरतूद कोठे आहे?

ती शोधायला कलम ४३ कडे जावे लागते. संघटनेच्या शिफारशीपलीकडे जाऊन कोणी वाहतूक लक्षणीय प्रमाणात अडवली, तर त्याने ४८ तासांत संघटनेला शास्त्रीय कारण कळवावे आणि तीन महिन्यांत त्या निर्णयाचा फेरविचार करावा, असे हे कलम सांगते. कारण दिले नाही, किंवा दिलेले कारण लंगडे ठरले, तर काय? यावर नियमावलीत दंड नाही आणि नुकसानभरपाईही नाही. कळवण्याचे बंधन काटेकोर, चोवीस तासांचे. कळवणाऱ्याचे संरक्षण मात्र विनंतीवजा. आमच्या मते नियमावलीचा मुख्य दोष हाच आहे.

हा दोष केवळ कागदावरचा नाही. मे २०१८ मध्ये केरळात निपाह विषाणूचे निदान झटपट झाले आणि ते जाहीर झाले. त्याच महिन्यात संयुक्त अरब अमिरातीने केरळची फळे आणि भाज्या घेणे बंद केले.

आफ्रिकेतली प्रयोगशाळा आणि डोंबिवली

नोव्हेंबर २०२१ मधला प्रसंग अधिक बोलका आहे. कोविडच्या एका पीसीआर चाचणीत विषाणूच्या तीन जनुकांचा शोध घेतला जातो. दक्षिण आफ्रिकेच्या गाउटेंग प्रांतातल्या प्रयोगशाळांच्या लक्षात आले की बऱ्याच नमुन्यांत दोन जनुके सापडतात, पण तिसरे, म्हणजे एस जनुक, सापडत नाही. चाचणी बिघडलेली नव्हती. जनुकात बदल झाल्यामुळे चाचणीची खूण त्याला जुळत नव्हती. असे नमुने बाजूला काढून त्यांची जनुकीय क्रमवारी वाचण्यात आली. बोट्स्वानातही तेच दिसले. क्रमवारी साऱ्या जगासाठी खुली केली गेली. २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने जागतिक आरोग्य संघटनेला कळवले आणि २६ नोव्हेंबरला या उपप्रकाराला ओमिक्रॉन हे नाव मिळाले.

जगाचे उत्तर त्याआधीच सुरू झाले होते. २५ नोव्हेंबरला ब्रिटनने आणि पाठोपाठ अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातली विमाने थांबवली. विमाने थांबल्याने चाचण्यांना लागणारी रसायनेही वेळेवर मिळेनात, असे तेथील शास्त्रज्ञ सांगत होते. ३० नोव्हेंबरला नेदरलँड्सने जाहीर केले की तिथे १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतही ओमिक्रॉन होता. म्हणजे आफ्रिकेने कळवण्याच्या आधीच तो युरोपात पोचला होता. शिक्षा झाली ती ज्याने पाहिले आणि सांगितले त्याला.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहू. ४ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातला ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण जाहीर झाला. दक्षिण आफ्रिकेहून परतलेला तो प्रवासी डोंबिवलीचा होता. आफ्रिकेने कळवल्यापासून ही ओळख पटेपर्यंत फक्त दहा दिवस गेले. कोणती क्रमवारी शोधायची हे आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांनी आधीच मोकळेपणाने सांगून ठेवले होते, म्हणून हे शक्य झाले. कल्याण-डोंबिवलीच्या आरोग्य यंत्रणेला मिळालेली सावधगिरीची सूचना हजारो किलोमीटरवरच्या त्या प्रामाणिकपणातून आलेली होती. भारताने त्या वेळी सरसकट बंदीपेक्षा धोक्याच्या देशांची यादी करून, तिथून येणाऱ्या प्रवाशांची चाचणी करण्यावर भर दिला. यात त्रुटी असतील, पण दिशा बरोबर होती असे आम्हाला वाटते.

उलट बाजू

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. सीमा बंद करणे नेहमीच चूक असते का? २०२० मध्ये न्यूझीलंडने सीमा बंद केली आणि लस येईपर्यंत असंख्य प्राण वाचवले. आजूबाजूला समुद्र आणि येण्याच्या वाटा मोजक्या, तर असा उपाय वेळ मिळवून देतो. हे मान्य केलेच पाहिजे. पण तो निर्णय सगळ्या जगाला सारखा लागू होता आणि मिळालेला वेळ तयारीसाठी वापरला गेला. आमचा आक्षेप बंदीला नाही. सांगणाऱ्यावर बंदी आणि न सांगणाऱ्याला मोकळीक, या प्रकाराला आहे. कारण असा व्यवहार दोनचारदा झाला की पुढचा देश प्रयोगशाळेलाच सांगतो, 'थोडे थांबा.' संसर्गजन्य रोगात ते 'थोडे' फार महाग पडते.

शेजारी कोण, हे कोण ठरवते?

दुसरी उणीव नकाशाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे कामकाज विभागीय कचेऱ्यांतून चालते. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका हे आग्नेय आशिया विभागात येतात आणि त्याची कचेरी दिल्लीत आहे. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान पूर्व भूमध्य विभागात, त्याची कचेरी कैरोला. चीन पश्चिम प्रशांत विभागात, त्याची कचेरी मनिलाला. म्हणजे सीमेला सीमा लागलेले देश तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांना उत्तरे देतात. सार्क ही संघटना ही फट बुजवू शकली असती. मार्च २०२० मध्ये सार्कच्या नेत्यांची दूरदृश्य बैठक झाली आणि भारताने सामायिक निधीसाठी एक कोटी डॉलर देऊ केले. पण २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर सार्कची शिखर परिषद भरलेलीच नाही. एरवी न बोलणाऱ्या शेजाऱ्यांना साथीच्या दिवशी एकदम बोलता येत नाही.

तरीही शेजाऱ्यांचे सहकार्य अशक्य नाही, याचे उत्तम उदाहरण याच विभागात आहे. वाळूमाशीमुळे पसरणारा काला-आजार हा गंगेच्या खोऱ्यातला जुना शत्रू. २००५ मध्ये भारत, नेपाळ आणि बांगलादेशाने तो मिळून संपवण्याचा करार केला. उद्दिष्ट मोजता येण्याजोगे होते : तालुक्याएवढ्या भागात (नेपाळमध्ये जिल्ह्यात) दहा हजार लोकांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण. मूळ ठरवलेली २०१५ ची मुदत चुकली, हे खरे. पण २०२३ मध्ये बांगलादेशाने हे उद्दिष्ट गाठल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले, आणि तो जगातला असा पहिला देश ठरला. भारतातही हजारोंनी मोजले जाणारे रुग्ण शेकड्यांवर आले. इथे काय वेगळे होते? रुग्ण नोंदवला की औषध येत होते. एका मात्रेत देता येणारे महागडे औषध संघटनेमार्फत देणगी म्हणून मिळत होते. रुग्ण लपवण्यात कोणाचाच फायदा नव्हता. नोंद करणाऱ्याला मदत मिळते अशी व्यवस्था केली, की सहकार्यासाठी भाषणांची गरज उरत नाही.

नऊ महापालिका, एक डास

हाच हिशेब लहान प्रमाणात आपल्या दारातही मांडता येतो. आम्ही राहतो ते वर्तकनगर ठाणे महापालिकेत येते. मुंबई महानगर प्रदेशात अशा नऊ महापालिका आहेत. एकाच घरातली आई मुलुंडला कामाला जाते, वडील भिवंडीला, मुलगी कल्याणच्या महाविद्यालयात. डेंग्यूचा एडीस डास साधारणपणे काहीशे मीटरपलीकडे उडत नाही. विषाणूला एका पालिकेतून दुसरीत नेतो तो लोकलने फिरणारा माणूस. चावा एका पालिकेत, घर दुसरीत आणि रुग्णालय तिसरीत, अशी स्थिती असताना प्रत्येक पालिका आपापला आकडा सांगत राहिली तर चित्र कोणालाच दिसणार नाही. मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने, मुंबईत अत्यावश्यक सेवेत असलेल्यांनी मुंबईतच राहावे, असा आदेश काढला होता. विरोध झाल्यावर त्याची अंमलबजावणी थांबली. त्यामागची भीती समजण्यासारखी होती, पण रुग्णांची सेवा करून परतणाऱ्या परिचारिकेला गावाच्या वेशीवर अडवणे हा १९९४ च्याच विचाराचा लहान नमुना होता.

इमारतीच्या पातळीवरही तेच घडते. एखाद्या घरात डेंग्यूचा रुग्ण निघाला की पालिकेचे कर्मचारी येऊन पिंपे आणि कुंड्यांखालच्या बशा तपासतात, कधी नोटीस देतात. मग 'आपल्या इमारतीचे नाव नको' म्हणून शेजारीच रुग्णाच्या घरच्यांना गप्प बसायला सांगतात. नुकसान होते ते पलीकडच्या इमारतीचे, कारण तिथे कोणी बशा तपासत नाही.

काय बदलावे आणि वर्गात काय करावे

नियमावलीत २०२४ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि त्या सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आल्या. समता आणि एकजूट ही तत्त्वे त्यांत आली, निधीच्या समन्वयाची तरतूद आली. मे २०२५ मध्ये महामारी करारही स्वीकारला गेला. मात्र जो देश रोगजंतूची माहिती देईल त्याला लसी आणि औषधांत कोणता वाटा मिळेल, हा कळीचा भाग त्या वेळी पुढच्या वाटाघाटींवर सोडून देण्यात आला. आमच्या दृष्टीने तोच भाग आधी व्हायला हवा होता. त्याला आणखी दोन गोष्टींची जोड हवी. वेळेत कळवणाऱ्या देशाचे निर्बंधांमुळे झालेले नुकसान भरून देणारा सामायिक निधी हवा. आणि शास्त्रीय कारण न दिलेला निर्बंध ठरावीक मुदतीनंतर आपोआप रद्द समजला जावा.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. नियमावलीतले चार प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि मुलांना एखादी कल्पित घटना द्यावी : एका गावात आठवड्यात वीस जणांना कारण न कळणारा ताप. कळवायचे की नाही, हे मुलांनी ठरवावे. मग अर्ध्या वर्गाला सांगावे, 'तुम्ही कळवलेत तर तुमच्या गावाचे दूध कोणी घेणार नाही,' आणि उरलेल्यांना, 'तुम्ही कळवलेत तर उद्या डॉक्टर आणि औषधे येतील.' दोन्ही गटांची उत्तरे शेजारीशेजारी मांडली की या लेखातला मुद्दा मुलेच मांडतील.

दुसरा उपक्रम वर्षभराचा आहे. तापामुळे गैरहजर राहिलेल्या मुलांची दर आठवड्याची फक्त संख्या आलेखावर मांडावी. नावे लिहू नयेत. पावसाळ्यात हा आलेख कळवा, मुलुंड किंवा डोंबिवलीच्या एखाद्या शाळेच्या आलेखाशी ताडून पाहावा. आणि ज्या मुलाने स्वतःहून 'मला ताप आहे' म्हणून सांगितले, त्याचा बुडालेला अभ्यास भरून द्यावा. त्याची परीक्षा किंवा सहल बुडाली तर ती शिक्षा वाटणार नाही अशी सोय करावी. आजाराची माहिती देणारा हा आपला मदतनीस आहे, हे मुलांना शाळेत अनुभवायला मिळाले, तर पुढे पालिकेत, प्रयोगशाळेत किंवा मंत्रालयात बसल्यावर ती आकडा दाबून ठेवणार नाहीत, अशी आशा धरता येईल.